चिकूच्या जंगलातली माया नगरे: तिकाल आणि परिसर कसा पाहावा

ग्वाटेमालाच्या उत्तरेला असलेल्या पेतेन प्रांतात तिकाल हे माया लोकांचे प्राचीन नगर आहे. ते पाहायला जाणारे बहुतेक प्रवासी सकाळी फ्लोरेस गावातून गाडीने निघतात, चार-पाच मंदिरे पाहतात आणि संध्याकाळच्या आत परत येतात. अशा भेटीत नगर पाहून होते, पण ज्या अरण्याने ते नगर हजार वर्षे पोटात ठेवले त्या अरण्याची ओळख होत नाही. माझ्या मते तिकाल आणि पेतेनचे जंगल ही दोन वेगळी स्थळे नाहीत, आणि म्हणून तिथे किमान दोन रात्री जंगलातच मुक्काम करावा. प्रवासाची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती केली, तर पुढचे निर्णय सोपे होतात.

मराठी माणसाला या जंगलाशी नाते जोडायला फार लांब जावे लागत नाही. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या झाडाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या याच पट्ट्यात आहे. तिथले त्याचे स्पॅनिश नाव चिकोसापोते, आणि आपला चिकू हा शब्द त्याच नावाशी नाते सांगतो. तिकालच्या मंदिरांच्या दारांवर जे कोरीव लाकडी पाट बसवलेले होते ते चिकूच्या लाकडाचे होते, आणि हे लाकूड इतके कठीण व टिकाऊ की त्यांतले काही पाट बाराशे वर्षांहून अधिक काळ टिकले. त्यांपैकी सर्वांत सुंदर पाट एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नेण्यात आले आणि आजही ते तिथल्या संग्रहालयात आहेत. जंगलातून चालताना काही जुन्या झाडांच्या बुंध्यांवर वरपासून खालपर्यंत नागमोडी वार दिसतील. च्युइंग गमसाठी चिकूचा चीक गोळा करणाऱ्या चिक्लेरो लोकांनी कोयत्याने केलेल्या त्या खुणा आहेत. पेतेनमधले कितीतरी अवशेष पुरातत्त्वज्ञांच्या आधी या माणसांनी पाहिलेले होते. तिकालच्या प्रवेशमार्गाजवळचा प्रचंड सेइबा वृक्षही आपल्या ओळखीचा आहे, कारण आपण ज्याला पांढरी सावर म्हणतो तेच हे झाड. माया लोक त्याला पाताळ, भूमी आणि आकाश यांना जोडणारा वृक्ष मानतात.

कधी जावे

पेतेनमध्ये साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पाऊस कमी असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखकर असतात आणि त्या दिवसांत पहाटे जंगलात चक्क गारवा असतो. आपल्याकडे शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात निघण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण एप्रिल-मे मध्ये उष्मा टोकाला जातो आणि शेतजमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगींचा धूर अनेक दिवस क्षितिज झाकून टाकतो. जून ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ असून त्यात वाटा निसरड्या होतात आणि डास वाढतात, मात्र गर्दी कमी असते आणि अरण्य पूर्ण भरात असते. कोकणातल्या पावसाची सवय असणाऱ्याला हा काळ जड जाऊ नये. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह मात्र टाळावा, कारण त्या आठवड्यात अख्खा देश सुट्टीवर असतो.

कसे पोहोचावे

भारतातून ग्वाटेमालाला थेट विमान नाही. युरोपमार्गे, विशेषतः माद्रिदहून, ग्वाटेमाला सिटीला जाता येते. अमेरिकेमार्गे जायचे असेल तर केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावे. ग्वाटेमाला आणि शेजारचा बेलीझ या दोन्ही देशांचे भारतीय पासपोर्टधारकांसाठीचे नियम बदलत असतात. वैध अमेरिकी किंवा शेंगेन व्हिसा असल्यास सवलत मिळू शकते, पण संबंधित वकिलातीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. याच प्रवासाला दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांची जोड देणार असाल तर भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणून ती लस आधीच घ्यावी.

ग्वाटेमाला सिटीहून फ्लोरेसजवळच्या विमानतळावर तासाभरात पोहोचता येते, तर बसला आठ ते दहा तास लागतात. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दुसरी वाट अधिक सोयीची पडेल. ह्यूस्टनहून अडीच-तीन तासांत बेलीझ सिटीला उतरावे, तिथून रस्त्याने सान इग्नासिओ हे गाव गाठावे, आणि बेंके व्हिएहो येथील सीमा ओलांडून पेतेनमध्ये यावे. बेलीझची राजभाषा इंग्रजी असल्यामुळे मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असल्यास सुरुवात तिकडून करणे चांगले. तिथला डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबर निम्म्या किमतीला बांधलेला आहे, त्यामुळे हिशेबही सोपा राहतो. ग्वाटेमालात मात्र केत्साल हे चलन लागते आणि जंगलात एटीएम नसते, म्हणून पुरेशी रोकड फ्लोरेसमध्येच काढून ठेवावी.

मुक्काम कुठे करावा

तिकालसाठी मुक्कामाचे तीन पर्याय आहेत. फ्लोरेस हे पेतेन इत्सा सरोवरातल्या बेटावरचे देखणे गाव आहे. तिथे स्वस्त खोल्या आणि भरपूर खाणावळी आहेत, पण तिकाल तिथून सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे दीड तासावर आहे. (याच बेटावर इत्सा माया लोकांची राजधानी नोहपेतेन होती. स्पॅनिश सैन्याने ती १६९७ साली घेतली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. माया राज्ये कोलंबसच्या आधीच संपली होती असे मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.) दुसरा पर्याय सरोवराच्या पूर्व टोकाच्या एल रेमाते या गावाचा. तो शांत आहे आणि तिथून अंतर निम्मे होते. तिसरा पर्याय राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या मोजक्या लॉजचा आहे. तिथे पैसे अधिक पडतात आणि सोयी त्या मानाने साध्या असतात, तरीही मी हाच पर्याय सुचवेन, कारण दिवसभराच्या बसगाड्या परत गेल्यानंतरचा आणि त्या यायच्या आधीचा वेळ फक्त तिथे राहणाऱ्यांनाच मिळतो.

इको-लॉज हा शब्द आज कोणीही पाटीवर लिहितो, म्हणून आरक्षण करताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. वीज कुठून येते आणि ती किती तास असते? सांडपाणी कुठे जाते? वाटाडे आणि स्वयंपाकी शेजारच्या गावातले आहेत का? प्राण्यांना खाऊ घालून अंगणात बोलावले जाते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर ती जागा सोडून द्यावी, कारण माणसाच्या हातून खायला शिकलेले माकड पुढे माणसाला चावते आणि त्याची शिक्षा माकडालाच भोगावी लागते. चांगल्या लॉजमध्ये खोलीला भिंतींऐवजी बारीक जाळी असते, छप्पर ताडाच्या कुळातल्या झावळ्यांनी शाकारलेले असते, रात्री ठरावीक वेळेनंतर दिवे बंद होतात आणि पाणी जपून वापरायला सांगितले जाते. अशा ठिकाणी वातानुकूलन मागणे म्हणजे जागेची निवडच चुकल्यासारखे आहे. दमा किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीसाठी पंखा रात्रभर चालेल का, हे मात्र निःसंकोच विचारावे. दोन्ही देशांत वीज ११०-१२० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचे असतात. भारतातले मोबाइलचे चार्जर अ‍ॅडॉप्टर लावून त्यावर चालतात, पण आपली इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री नीट चालत नाही.

पहिल्या रात्रीसाठी एक सूचना आधीच द्यायला हवी. पहाटे चारच्या सुमारास झाडांच्या शेंड्यांवरून वाघाच्या डरकाळीसारखा, घशातून ओढून काढलेला प्रचंड आवाज येऊ लागतो आणि तो काही किलोमीटरपर्यंत पोहोचतो. तो हाऊलर जातीच्या माकडांचा असतो. ती पानांवर जगतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. बरोबर मुले असतील तर त्यांना हे झोपण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

तिकालमध्ये चालण्याचा क्रम

तिकाल राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले, आणि १९७९ साली युनेस्कोने त्याला निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. उद्यानाचे क्षेत्र पावणेसहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पण पाहण्याजोगा मध्यभाग पायी फिरता येतो. त्यासाठी दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालण्याची तयारी ठेवावी. तिकीट काढताना पासपोर्ट लागतो. सूर्योदयाच्या आधी आत जायचे असेल तर वेगळे तिकीट आणि अधिकृत वाटाड्या घ्यावा लागतो, आणि त्याची व्यवस्था आदल्या दिवशीच करावी.

बहुतेक गट आधी मुख्य चौकात जातात. मी उलटा क्रम सुचवतो. सकाळी लवकर निघून थेट पश्चिमेच्या चौथ्या मंदिराकडे जावे. सुमारे ६५ मीटर उंचीचे हे मंदिर आठव्या शतकाच्या मध्यावर उभारले गेले. मूळ पायऱ्यांवर चढण्याची परवानगी नसली तरी बाजूच्या लाकडी जिन्याने वर जाता येते. वरून दिसतो तो क्षितिजापर्यंतचा अखंड हिरवा विस्तार आणि त्यातून वर आलेली दोन-तीन मंदिरांची करड्या दगडाची शिखरे. सूर्योदय दिसेलच असे मानू नये, कारण बहुतेक सकाळी धुके असते आणि उजेड हळूहळू पसरतो. परंतु वर बसून पाऊण तास कोणी बोलले नाही तर जंगल जागे होताना ऐकू येते, आणि ते दृश्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. त्यामुळे मोठ्याने बोलणाऱ्या गटाबरोबर ही पहाट घालवू नये.

तिथून उतरून मुंदो पेर्दिदो, म्हणजे ‘हरवलेले जग’, या सर्वांत जुन्या भागांपैकी एका भागात यावे, आणि मुख्य चौक दुपारी तीननंतर गाठावा, कारण तोवर सहली परतू लागलेल्या असतात. चौकाच्या पूर्वेला पहिले मंदिर आहे, सुमारे ४७ मीटर उंच आणि अतिशय उभ्या चढाचे. त्याच्याखाली हासाव चान काविल या राजाची समाधी सापडली. या राजाचे महत्त्व समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. ५६२ साली तिकालचा मोठा पराभव झाला, आणि आज बेलीझमध्ये असलेल्या काराकोल नगरातल्या एका कोरीव वेदीवर त्याची नोंद आहे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तिकालमध्ये शिलालेखच जवळजवळ कोरले गेले नाहीत. ६८२ साली गादीवर आलेल्या हासाव चान काविलने ६९५ साली कालाकमुल या प्रबळ शत्रुनगरावर विजय मिळवला, आणि आज डोळ्यांत भरणारी बहुतेक मंदिरे त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या काळातली आहेत. समोरच्या दुसऱ्या मंदिराच्या जिन्यावरून संध्याकाळचे तिरपे ऊन पहिल्या मंदिरावर पडलेले पाहावे.

एक गोष्ट वाटाड्याला मुद्दाम दाखवायला सांगावी, ती म्हणजे पाण्याची. तिकालजवळ नदी नाही. चौक आणि मंदिरांची आवारे चुन्याच्या गिलाव्याने मढवून त्यांना असा उतार दिलेला होता की पावसाचे पाणी वाहून बांधीव तलावांत साठावे. त्यांतल्या एका तलावात पाणी गाळण्यासाठी झिओलाइट हे खनिज आणि स्फटिकमय वाळू वापरल्याचे संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले. गडांवरची टाकी पाहत वाढलेल्या वाचकाला या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको. आज ते तलाव झाडीने भरलेले खोलगट भाग म्हणून दिसतात आणि वाटाड्याने दाखवले नाहीत तर आपण ते न पाहताच पुढे जातो.

शिलास्तंभावरची तारीख वाचणे

जाण्यापूर्वी तासभर खर्च करून माया अंक शिकून घ्यावेत. एक टिंब म्हणजे एक, एक आडवी पट्टी म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखे चिन्ह म्हणजे शून्य. माया लोकांनी शून्याची कल्पना भारताशी कोणताही संबंध नसताना स्वतंत्रपणे वापरात आणली. त्यांची दीर्घ गणना, म्हणजे एका आरंभापासून गेलेले दिवस मोजण्याची पद्धत, पाच स्थानांची असते. सर्वांत वरचे स्थान १,४४,००० दिवसांच्या बाकतुनचे, त्याखाली ७,२०० दिवसांचा कातुन, ३६० दिवसांचा तुन, २० दिवसांचा विनाल आणि शेवटी एक दिवस म्हणजे किन. गणनेचा आरंभ इसवी सनापूर्वी ३११४ मधला आहे. तिकालच्या २९ क्रमांकाच्या शिलास्तंभावर ८, १२, १४, ८ आणि १५ हे अंक आहेत. ते त्या-त्या स्थानाने गुणून बेरीज केली की १२,४३,६१५ दिवस होतात, आणि ती तारीख इसवी सन २९२ मध्ये येते.

एवढी आकडेमोड प्रत्यक्ष जागेवर करायची गरज नसते. पहिला अंक पाहिला तरी काळाचा अंदाज येतो. एक पट्टी आणि चार टिंबे, म्हणजे नऊ असेल, तर तो दगड ४३५ ते ८३० या वैभवाच्या काळातला समजावा. दोन पट्ट्या, म्हणजे दहा असेल, तर ८३० नंतरचा. दहाने सुरू होणारे स्तंभ फार थोडे आहेत, आणि तिकालमधली शेवटची कोरीव तारीख ८६९ सालची आहे. काही ठिकाणी अंकांऐवजी देवतांची मुखे कोरलेली असतात. ती वाचणे तज्ज्ञांचे काम आहे, तिथे निराश होऊ नये.

शेजारची ठिकाणे

तिसरा दिवस हाती असेल तर तिकालच्या उत्तरेला २३ किलोमीटरवर असलेल्या वाशाक्तुनला जावे. हे गाव चिक्लेरो लोकांच्या तळातून वाढले, आणि चीक नेणारी विमाने उतरण्यासाठी केलेली धावपट्टी आजही गावाच्या मधोमध हिरव्या पट्ट्यासारखी पडलेली आहे. तिथल्या ई-गट नावाच्या इमारत-समूहातल्या पश्चिमेच्या पिरॅमिडवरून पाहिले असता समोरच्या तीन इमारतींच्या रोखाने सूर्य संपात (दिवस-रात्र समान) आणि अयन (सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस) या दिवशी उगवतो, हे १९२४ साली ध्यानात आले. १९९० साली जाहीर झालेल्या माया जैवमंडल राखीव क्षेत्रात हे गाव येते. गावकऱ्यांना जंगलाच्या नियंत्रित वापराचे हक्क मिळालेले आहेत आणि चीक, शाते नावाच्या पामची पाने, ऑलस्पाइस अशी उत्पन्ने ते झाड न मारता काढतात. इथे गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि गावातच जेवावे.

याशा हे दोन सरोवरांच्या काठचे नगर सूर्यास्तासाठी उत्तम आहे, मात्र पाण्यात मगरी असल्यामुळे पोहू नये. एल मिरादोर या माया नगराला कार्मेलिता गावातून पाच-सहा दिवसांची पदयात्रा करावी लागते. ती पहिल्या भेटीत करू नये.

बेलीझच्या बाजूला शुनान्तुनिचला जाताना मोपान नदी ओलांडावी लागते. लामानाईला ऑरेंज वॉकहून नदीमार्गे बोटीने जावे, कारण मगरी आणि पाणपक्षी पाहत जाण्याचा तो दीड तास हा त्या भेटीचा अर्धा भाग आहे. आक्तुन तुनिचिल मुकनाल या गुहेत पाण्यातून पोहत, खडकांवरून चढत जावे लागते आणि आत मानवी अस्थी व मातीची भांडी जागच्या जागी आहेत. तिथे परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. बूट काढून मोज्यांनी चालावे लागते, म्हणून जाड मोजे न्यावेत. एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून कवटीला भोक पडले, तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, आत कॅमेरा नेता येत नाही. गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी ही गुहा सोडून द्यावी.

जेवण

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण सांगायचे कसे ते माहीत हवे. काळ्या घेवड्याची उसळ, भात, अंडी, तळलेली केळी, अव्होकॅडो आणि मक्याच्या तोर्तिया सगळीकडे मिळतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन दळतात, आणि त्या पिठाची हातावर थापलेली तोर्तिया भाकरीची आठवण करून देते. अडचण दोन शब्दांची आहे. ‘कार्ने’ म्हटले की अनेकांच्या मनात फक्त लाल मांस येते, आणि कोंबडी त्यात धरली जात नाही. उसळ अनेकदा डुकराच्या चरबीत परततात, तिला ‘मान्तेका’ म्हणतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’ असे तिन्ही शब्द उच्चारावेत, म्हणजे मांस, कोंबडी आणि चरबी यांशिवाय. लॉजला ही सूचना आदल्या दिवशी द्यावी, कारण जंगलातल्या स्वयंपाकघरात ऐनवेळी बदल करणे कठीण असते. पाणी बाटलीतले किंवा गाळलेलेच प्यावे. चहाबरोबर वेलदोडा आठवला तर लक्षात ठेवावे की ग्वाटेमाला हा जगातल्या सर्वांत मोठ्या वेलदोडा-निर्यातदार देशांपैकी एक आहे. तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणात मात्र तो क्वचितच दिसतो.

काय न्यावे, कसे वागावे

फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, घोटा झाकणारे बूट, डोक्याला बांधायचा टॉर्च, हलका रेनकोट आणि डास पळवणारे औषध एवढे पुरते. पायजमा मोज्यांत खोचून चालावे, कारण गवतात गोचिड असतात. डेंग्यू आणि हिवताप यांबाबत निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बार्बा अमारिया, म्हणजे ‘पिवळी दाढी’, हा अत्यंत विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून पायवाट सोडू नये, ओंडका ओलांडण्याआधी पलीकडे पाहावे आणि रात्री टॉर्चशिवाय खोलीबाहेर पडू नये.

जमिनीवर पडलेले खापर उचलणे हा गुन्हा आहे, आणि खापराची जागा हलली की त्यातली माहितीही जाते. २०१८ साली जाहीर झालेल्या लेसर सर्वेक्षणात उत्तर पेतेनच्या सुमारे २,१०० चौरस किलोमीटर भागात झाडीखाली ६०,००० हून अधिक बांधकामे आढळली. म्हणजे पायाखालचा कोणताही उंचवटा घराचा चौथरा असू शकतो.

तिकालच्या मुख्य चौकात राखेने काळवंडलेली वर्तुळाकार जागा दिसेल. तिथे आजचे माया पुरोहित अग्नी पेटवून विधी करतात. ग्वाटेमालात आजही वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. विधी चालू असेल तर लांब उभे राहावे, फोटोसाठी आधी विचारावे आणि नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. मेणबत्त्या आणि कोपाल या डिंकाचा धूप जळत असतो, आणि वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तर त्याचा वास थेट दुसऱ्या मंदिराच्या जिन्यापर्यंत येतो.